भोईरांचा उजवा रकाना

माझ्या थोरल्या मुलाच्या बारशाला नारायणराव भोईर आले, पाळण्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सातशे बेचाळीस." माझ्या सासूबाई कल्याणहून आल्या होत्या. हा माणूस पत्रिका बघणारा आहे की काय, या शंकेने त्यांचा चेहरा उतरला. मुलाला साडेसाती तर नाही ना, असं त्यांनी मला आत बोलावून विचारलं. मग मला त्यांना समजावून सांगावं लागलं, की सातशे बेचाळीस नंबरची इंग्रजी म्हण 'चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक' अशी आहे, तिचा अर्थ बाप तसा बेटा असा आहे, आणि भोईर त्यांच्या नातवाचं कौतुकच करत होते. सासूबाई म्हणाल्या, "मग तसं सरळ सांगायला काय झालं होतं?"

हाच प्रश्न मी आठ-नऊ वर्षं स्वतःला विचारत होतो.

स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी मी अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात कारकून म्हणून चिकटलो. ऑफिसात माझं टेबल भोईरांच्या टेबलाला लागून आलं, आणि सहा महिन्यांनी क्वार्टर मिळाली तीही त्यांच्या भिंतीला भिंत लावून. ती बदलून मिळावी म्हणून मी अर्ज केला. अर्ज आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाकडे गेला, म्हणजे भोईरांकडेच. त्यांनी तो स्वतः मला परत आणून दिला आणि म्हणाले, "कर्णिक, तीनशे सहा." म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसऱ्या लाइनीत भट्टीचा धूर दिवसभर घरात येतो, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी अर्ज फाडून टाकला.

भोईर ठेंगणे, काळेसावळे, डोक्यावर काळी टोपी आणि कोटाच्या खिशाला दोन फौंटनपेनं. निळं लिहायला, लाल नंबर घालायला. बदलापूरपलीकडच्या एका लहानशा गावातले ते पहिले मॅट्रिक. त्या परीक्षेत इंग्रजीत किती मार्क पडले होते, हे ते कुणी न विचारता सांगत. मास्तरांनी खूश होऊन त्यांना इंग्रजी म्हणी आणि वाक्प्रचारांचं एक पुस्तक बक्षीस दिलं होतं. त्या मास्तरांचं पुढे काय झालं ठाऊक नाही. पण एका माणसाच्या हातात एक पुस्तक दिल्यामुळे तीस वर्षांनी अंबरनाथमध्ये दुसऱ्या एका माणसाचं डोकं रोज दुखेल, अशी त्यांना कल्पना नसणार.

पुस्तकातल्या म्हणी संपल्यावर भोईरांनी वर्तमानपत्रांतल्या वेचल्या, मग गोऱ्या फोरमनांच्या तोंडच्या. गोरे गेले, म्हणींची आवक कमी झाली, पण वही तेराशेच्या पुढे गेली होती. जाड पुठ्ठ्याची लांबट वही. पानावर तीन रकाने. डावीकडे लाल नंबर, मधे निळ्या शाईत इंग्रजी म्हण, उजवीकडे तिचा मराठी अर्थ. ही वही ते ऑफिसात आणत, घरी नेत आणि कुणाच्या हातात देत नसत. बोलताना मात्र अख्खी म्हण म्हणायचा त्यांना कंटाळा. नुसता नंबर सांगत. ऐकणाऱ्याने विचारलं तर म्हण, आणि फारच विचारलं तर अर्थ. आम्ही थकून विचारायचं सोडलं, तरी अर्थ मिळायचाच.

अर्थ मात्र ऐकण्यासारखे असत, हे मी त्या वैतागातही कबूल करायचो. न्यूकॅसलला कोळसा नेणे, याचा पुस्तकातला अर्थ निरर्थक खटाटोप. भोईरांच्या वहीत होतं, 'अंबरनाथला आगपेट्या नेणे.' आमच्या गावात आगपेट्यांचा कारखानाच होता, तेव्हा हे कुणालाही पटावं. ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, याला 'उघडीप आहे तंवर भात झोडून घ्या.' रोम एका दिवसात बांधलं गेलं नाही, याला 'पांडवांनी देऊळ एका रात्रीत बांधायला घेतलं, म्हणून शिखर राहिलं.' आमच्या शंकराच्या देवळाला खरंच वर शिखर नाही. हे अर्थ त्यांनी कुठून काढले, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पुस्तकातला अर्थ त्या लोकांचा. हा आपला." मला वाटलं, वाढलेला अहंकार आहे. नऊ तास ऑफिस आणि तासभर रेशनची रांग झाल्यावर दुसऱ्याच्या अहंकाराची चौकशी करायचं त्राण कुणाला असतं?

आमचा टायपिस्ट लालवाणी. फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून आलेला, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात बराकीत राहायचा. घरदार गेलेला हा माणूस आमच्या सगळ्यांत आनंदी होता, याची मला कधीकधी लाज वाटे. भोईरांचे मसुदे त्यालाच टाइप करावे लागत. तो हात जोडून म्हणे, "भोईर साईं, रोम एक दिन में नहीं बना, मान्य आहे. पण आपला लेटर आजच्या टपालाला जायला पाहिजे ना?"

एका पावसाळ्यात तीन नंबरच्या गोदामाचं छप्पर गळायला लागलं. वर कळवायचं होतं. भोईरांनी दीड पान मसुदा केला. त्यात वेळेवर घातलेला एक टाका नऊ टाके वाचवतो हे होतं, घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावण्यात अर्थ नाही हे होतं, आभाळातून कुत्री-मांजरं पडतायत हेही होतं. साहेबांनी तो वाचला आणि खाली तांबड्या पेन्सिलीने एवढंच लिहून परत पाठवला, 'व्हेअर इज द लीक?' खरंच, कुठलं छप्पर गळतंय हे दीड पानात कुठेच आलेलं नव्हतं. भोईर तो शेरा बराच वेळ पाहत बसले. मग मला म्हणाले, "कर्णिक, साहेबांना भाषेची आवड नाही."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण वरच्या कारकुनाच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असे, आणि तिच्यात इंग्रजीचा पेपर असे. मी तो पहिल्या फटक्यात पास झालो होतो, पुढे जागा रिकामी होण्याची वाट पाहत होतो. भोईर चार वेळा नापास झाले होते. पत्र लिहायला सांगितलं की ते म्हणी लिहीत, सारांश करायला सांगितला की मूळ उताऱ्याहून लांब करीत. पंचेचाळीस पूर्ण झाली की परीक्षेला बसता येत नसे. भोईरांना पंचेचाळिसावं लागलं होतं. ही शेवटची खेप होती.

त्यांना हुद्दा नको होता. त्यांना नळ हवा होता.

आमच्या दोन लाइनींत चोवीस बिऱ्हाडं आणि सगळ्यांना मिळून एक नळ, लाइनीच्या टोकाला. पाणी सकाळी दीड तास, संध्याकाळी तासभर. भोईरवहिनी चामटोलीच्या, भाताच्या खाचरात वाढलेल्या. कामाला वाघ, पण बोलणं कमी. मी सात-आठ वर्षांत त्यांचं एक सबंध वाक्य ऐकलेलं मला आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नळाजवळच्या शेवाळावर त्या घसरल्या आणि गुडघा गेला. तेव्हापासून कमरेवर हंडा घेऊन एक पाय ओढत यायच्या. मूलबाळ नव्हतं, हाताखाली कुणी नाही. वरच्या कारकुनांची क्वार्टर गेटाजवळ, दोन खोल्यांची, आणि मोरीत नळ.

एका रविवारी भोईर मला तसली एक रिकामी क्वार्टर दाखवायला घेऊन गेले. पहारेकरी त्यांच्या ओळखीचा होता. खोल्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ मोरीत गेले, नळ सोडला, धारेखाली हात धरला, बंद केला. पुन्हा सोडला. असं चार-पाच वेळा. मग रुमालाला हात पुसत म्हणाले, "कर्णिक, तुम्ही मला शिकवा." नंबर नाही, काही नाही. इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

चार महिने रोज संध्याकाळी मी त्यांना साधं लिहायला शिकवलं. भोंगा झाला की घरी, चहा, आणि भोईर वही-दौत घेऊन हजर. माझी बायको म्हणायची, तुम्ही ऑफिसात जाताच कशाला, ते इकडेच येतात. मी त्यांना वाक्य घातलं, तीन नंबर गोदामाचं छप्पर गळत आहे. एवढंच इंग्रजीत लिहा. त्यांनी लिहिलं आणि त्या ओळीकडे बिनमिठाच्या आमटीकडे पाहावं तसं पाहिलं. "अळणी आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "सरकारला अळणीच चालतं." हळूहळू जमलं. महिन्याभरात छप्पर गळू लागलं, दुसऱ्या महिन्यात माल वेळेवर पोचेना, तिसऱ्यात एका मजुराला रजा मंजूर झाली, सगळं एकाही म्हणीशिवाय. मी दमून गेलो होतो, पण मला वाटायला लागलं की हा माणूस पास होतो.

परीक्षा कल्याणच्या एका शाळेत होती. पेपर संपला तेव्हा मी आणि लालवाणी फाटकाशी उभे होतो. इतर उमेदवारांकडून प्रश्नपत्रिका घेऊन मी पाहिली आणि माझा थकवाच गेला. चौथा प्रश्न होता, खालील पाच वाक्प्रचारांचे अर्थ लिहा. दहा मार्क. लालवाणी तिथेच नाचायचा बाकी राहिला. "साईं, ये सवाल तो आपके घर का है. आता मिठाई माझ्याकडून." दुसऱ्या दिवशी त्याने कॅम्पातून खरंच मिठाई आणली आणि सगळ्या ऑफिसला वाटली. भोईरांनीही एक तुकडा खाल्ला. ते गप्प होते. मला वाटलं, दडपण उतरलं की माणूस असा होतो.

निकाल दोन महिन्यांनी आला. पास व्हायला चाळीस हवे होते, भोईरांना चौतीस. मार्कांचा कागद आमच्याच विभागात आला होता म्हणून मला तो बघता आला. पत्राला त्यांना आजवर मिळाले नव्हते एवढे मार्क. सारांश बरा. चौथ्या प्रश्नाला शून्य.

मी त्या दिवशी फार चिडलो. चार महिन्यांच्या संध्याकाळी मला दिसत होत्या. दिवेलागणीच्या सुमाराला मी त्यांच्या दारात गेलो. वहिनी नळावर गेल्या होत्या. भोईर पायरीवर बसले होते, टोपी काढून.

"चौथ्याला दहापैकी शून्य," मी म्हणालो. "तुम्हाला. मी बसलो असतो तर मलाही आठ पडले असते."

ते टोपीची किनार चाचपत राहिले.

"'टु स्मेल अ रॅट'. पहिलीच होती. शेंबड्या पोराला येईल. संशय येणे. काय लिहिलंत तुम्ही?"

"कोंबड्या गप झाल्या," भोईर म्हणाले. "म्हणजे इंग्रजीत लिहिलं. द हेन्स हॅव बिकम क्वाएट."

"आणि 'लायन्स शेअर'? सिंहाचा वाटा."

"मोठ्या जावेचं ताट."

मला हसू यायला लागलं होतं. दिल्लीत की कुठे बसलेला तो परीक्षक, त्याच्यापुढे मोठ्या जावेचं ताट. "आणि 'वन्स इन अ ब्लू मून'? क्वचित कधीतरी, एवढंच लिहायचं होतं."

भोईरांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "भाऊ माहेरी न्यायला येतो तेव्हा."

माझं हसू गेलं. "नारायणराव, हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाय. हिनं सांगितलेलं. उजवा रकाना सगळा हिचाच हाय."

मग ते बोलले. मला वाटतं, एवढं सलग ते आयुष्यात कुणाशी बोलले नसतील.

"लग्न झालं तेव्हा ती माझ्याशी बोलेचना. मॅट्रिक नवरा. बापानं बजावून पाठवलेली, शिकलेल्यासमोर तोंड उघडू नको, अडाणीपणा दिसंल. सहा महिने ताट वाढायची नि आत जायची. भाताचं काढलं तर हो, पावसाचं काढलं तर हो. मला काय बोलावं सुचंना. एकदा पुस्तक घेऊन बसलो होतो, सहज मोठ्यानं वाचलं, 'टु स्मेल अ रॅट', म्हणजे संशय येणं. तर ही चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, कोंबड्या गप झाल्या की आमची आई तशीच उठते, मुंगूस आलेलं असतं. तेवढंच. ते तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी वहीत लिहून ठेवलं. तो माझा एक नंबर."

नळाकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"मग रोज एक. मी इंग्रजी वाचायचं, पुस्तकातला अर्थ सांगायचा, नि तिनं सांगायचं आमच्यात काय म्हणतात. असं आम्ही बोलायला लागलो. एक मूल झालं होतं आम्हाला, राहिलं नाय. त्यानंतर दोन वर्षं ती कुणाशी बोलली नाय, कर्णिक, आईशी पण नाय. पण संध्याकाळी मी म्हण वाचली की अर्थ तेवढा सांगायची."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिथे आपण होऊन बसत होतो.

"पुस्तकातला अर्थ मला येतो. लिहिला पण होता पहिल्या म्हणीला. मग वाचून बघितला, तर तो कुणा दुसऱ्याचाच वाटला. बावीस वर्षं मी तिला म्हणत आलो, तुझाच अर्थ बरोबर. नि सरकारच्या कागदावर दुसरा लिहायचा? म्हणजे एवढी वर्षं मी नुसतं तिचं मन राखत होतो असं झालं. खोडला. एक खोडल्यावर बाकीच्या चार पण तशाच लिहाव्या लागल्या."

"अहो, पण नळ," मी म्हणालो. "नळ तिच्यासाठीच पाहिजे होता ना?"

"हो," भोईर म्हणाले. "ते पेपर देऊन स्टेशनात आल्यावर ध्यानात आलं."

मला त्यांना शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि त्यांच्या खांद्यावर हातही ठेवावासा वाटला. दोन्ही केलं नाही. ते घाईघाईने म्हणाले, "तिला सांगू नका. पेपर अवघड होता असं सांगितलंय. तिला कळलं की आपल्या बोलण्यानं नापास झाले, तर पुन्हा तोंड उघडायची नाय ती. आणि पुढच्या साली परत बसणार, असं पण सांगितलंय."

पुढच्या साली बसता येणार नाही, हे त्यांच्याइतकंच मला ठाऊक होतं. तेवढ्यात वहिनी हंडा घेऊन पाय ओढत येताना दिसल्या. भोईर उठले, समोर गेले आणि त्यांच्या कमरेवरचा हंडा काढून घेतला. वहिनी गोंधळल्या. "काय करताव," त्या हळूच म्हणाल्या, "लोक बघतात."

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या नळाला भोईर उभे राहू लागले. लाइनीत दुसरा पुरुष पाण्याला येत नसे. पहिले आठ दिवस बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग कुणीतरी त्यांना आपला नंबर धरून ठेवायला सांगू लागलं, आणि नळावर भांडण झालं की ते न्याय करीत. ऑफिसात ते पूर्वीसारखेच वागत. लालवाणीने मिठाईचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण बरंच काही गमावलेल्या माणसाला काय विचारायचं नाही हे कळतं.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मी दात घासत कुंपणाशी उभा होतो. भोईरवहिनी पलीकडून आल्या. पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं.

"भावजी, राग नका मानू. येक बोलू?"

"बोला की."

"तुम्ही त्यांना नीट शिकवलं नाय." त्या बोलतच राहिल्या. "चार म्हयने बसलाव, ते खरं. पन त्यांच्या म्हनी तुम्हाला आवडत नायत. भिंतीतून ऐकू येतं मला. मन लावून नाय शिकवलंत. नायतर म्हनींमधी त्यांना कोन नापास करनार? त्यांच्यासारखं हुशार मानूस हाय का या लाइनीत?"

माझ्याजवळ याचं उत्तर होतं. मार्कांसकट होतं. मला चार महिन्यांचा शीण आठवला, आणि हेही खरं होतं की त्या म्हणी मला कधीच आवडल्या नव्हत्या.

"खरं आहे, वहिनी," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

त्या एकदम शांत झाल्या. इतक्या लवकर मी कबूल होईन असं त्यांना वाटलं नसावं. "पुढच्या साली तरी नीट शिकवा," त्या म्हणाल्या.

दोन भरलेल्या बादल्या घेऊन भोईर त्यांच्या मागे येऊन थांबले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते माझ्याकडे न पाहता बादलीतल्या पाण्याकडे पाहत होते.

"शिकवीन," मी म्हणालो, आणि कुंपणावरून हात घालून भोईरांच्या हातातली एक बादली घेतली.